विसावी बाटली

रत्नाताई मगदूमांची नोकरी गेली ती एकोणीसपैकी एकोणीस गुण मिळवून.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याला लागून डिस्टिलरी होती आणि डिस्टिलरीला लागून कार्बन डायऑक्साइड शुद्ध करण्याचा प्लँट. २०४१च्या मार्च महिन्यात त्या प्लँटच्या मीटिंग हॉलमध्ये टेबलाच्या एका टोकाला रत्नाताई बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला शिवणयंत्राएवढी एक पांढरी पेटी होती. पेटीचं नाव ‘घ्राणा’. मध्ये वीस बाटल्या. काहींत निखळ वायू, काहींत मुद्दाम घातलेली भेसळ. बाटल्या भरल्या होत्या तन्मयी शिरोडेने. ही मुलगी सहा वर्षं रत्नाताईंच्या हाताखाली तयार झालेली. उत्तरं तिनेच एका पाकिटात बंद करून ठेवली होती.

रत्नाताई हुंगत आणि कागदावर लिहीत. पेटी हुंगे आणि पडद्यावर लिही. तिसऱ्या बाटलीत आंबूस अल्डिहाइड, सातवीत गंधक, बारावीत पंपाचं तेल. उत्तरं हुबेहूब जुळत होती. विसाव्या बाटलीला दोघींनीही एकच शब्द लिहिला, ‘स्वच्छ’.

तन्मयीने पाकीट फोडलं आणि तिचा चेहरा बदलला. “सर, विसावी चुकली. दोन्हीकडं. त्यात मी ट्रायमिथाइल अमाईन घातलं होतं. माशाचा वास.”

प्लँटचे प्रमुख विक्रांत नाडगौडा मोठ्याने हसले. “अगं, दोन नाकं एकदम कशी चुकतील? बूच सैल राहिलं असणार तुझं.”

“नाही सर, मी स्वतः...”

“मगदूमबाई, तुम्हीच सांगा तुमच्या शिष्येला.”

रत्नाताईंनी तन्मयीकडे पाहिलं नाही. “होतं असं कधीकधी,” त्या म्हणाल्या. “बूच सैल राहतं.”

तन्मयीने मान खाली घातली.

“विसावी रद्द,” नाडगौडा म्हणाले. “दोघींना एकोणीसपैकी एकोणीस. अभिनंदन, बाई! पेटी अगदी तुमच्याइतकीच हुशार निघाली.” मग हॉलकडे वळून त्यांनी डोळा मारला. “आता सांगा, एका नाकाला दोन खुर्च्या कशाला?”

सगळे हसले. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर रत्नाताईंना निरोप म्हणून मिळालं ते हे हसू.

*

मळी आंबली की अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघतो. पूर्वी तो हवेत सोडून देत. आता तो धरून ठेवतात, कारण सोड्याच्या बाटल्यांना तो लागतो, खाद्यपदार्थांच्या पाकिटांना लागतो, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायलाही तोच लागतो. पण आंबणातून येणारा वायू धुतल्याशिवाय उपयोगाचा नसतो. आधी उंच मनोऱ्यात पाण्याने धुवायचा, मग दाबायचा, करवंटीच्या कोळशातून गाळायचा, वाळवायचा, आणि थंड करून त्याचा द्रव करायचा. शेवटी यंत्रांवर तपासायचा.

यंत्रांची एक खोड असते. जे विचाराल तेवढंच ती सांगतात. बेंझीन आहे का? नाही. गंधक आहे का? नाही. पण यादीत नसलेलं काही आलं, तर यंत्र गप्प बसतं. नाकाला काही विचारावं लागत नाही. म्हणून या धंद्यात शेवटचा शब्द नाकाचा. पांढऱ्या सुती पिशवीत द्रव सोडला की क्षणात भुरभुरीत बर्फ होतो. तो पेल्यात घ्यायचा, पहिली झोंबरी वाफ जाऊ द्यायची आणि मग हाताने वारा घेत हुंगायचं. रत्नाताईंच्या जैन घरात कांदा-लसूण शिजत नव्हता. त्या अत्तर लावत नसत. त्यांना जे कळे ते कुणालाच कळत नसे. त्यांनी ‘नको’ म्हटलं की भरलेला टँकर रिकामा व्हायचा, मग नाडगौडा कितीही नाक मुरडोत.

म्हणूनच नाडगौडांना ते नाक हवं होतं, पण बाईंशिवाय.

दोन वर्षांपूर्वी प्लँटमध्ये आरोग्य शिबिर झालं होतं. सायनसची तपासणी म्हणून डॉक्टरांनी रत्नाताईंच्या नाकात वरपर्यंत बारीक नळी घालून खरवड घेतली. चार पानी इंग्रजी कागदावर त्यांनी सही केली. तिसऱ्या पानावर काय होतं ते त्यांना नोकरी गेल्यावर कळलं.

आपल्या नाकाच्या छतावर वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या दर एक-दोन महिन्यांनी मरतात आणि खालच्या मूळ पेशींतून नव्या उगवतात. अशा मूळ पेशी काढून काचपट्टीवर वाढवल्या, तर त्या तिथंही उगवत राहतात. प्रत्येक पेशीवर एका जातीचं कुलूप असतं. माणसाला अशी सुमारे चारशे कुलपं. वासाचा रेणू म्हणजे किल्ली. किल्ली बसली की पेशीतून विजेची बारीक लहर निघते आणि ती संगणक वाचतो. ‘घ्राणा’च्या पोटात रत्नाताईंच्याच पेशी वाढत होत्या. त्या बाईंच्या वयाबरोबर म्हाताऱ्या होणार नव्हत्या, रजा मागणार नव्हत्या, साहेबांशी वाद घालणार नव्हत्या.

कामगार त्या पेटीला ‘बाईंचं नाक’ म्हणत. “बाईंचं नाक पुसून घे रे,” “बाईंच्या नाकाला आज सर्दी झालीय वाटतं.” हे रत्नाताईंच्या कानावर येई तेव्हा त्या भाजी चिरत असल्या तर सुरी खाली ठेवत.

पण एक गोष्ट नाडगौडांना माहीत नव्हती, तन्मयीला नव्हती, त्या पेशी वाढवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही नव्हती. रत्नाताईंच्या चारशे कुलपांपैकी एक जन्मतःच गंजलेलं होतं. त्यांना माशाचा वास येत नसे.

हे त्यांना कळलं ते कॉम्प्रेसरवरच्या मुल्लाचाचांच्या डब्यामुळं. चाचांनी सुका बोंबील आणला की अख्खं कँटीन उठून जाई. रत्नाताई मात्र शेजारी बसून शांतपणे भाकरी खात. लोक म्हणत, काय मोठं मन आहे बाईंचं! एकदा चाचांनी डबा त्यांच्या नाकाखाली धरला आणि ते बघतच राहिले. “ताई, तुम्हास्नी खरंच काय येत नाही?”

तेव्हापासून वासाच्या टेबलाशी चाचा ‘दुसरं नाक’ म्हणून बसू लागले. एखाद्या मळक्या टँकरमुळं क्वचित माशाचा अंश आला की ते टेबलावर दोन टिचक्या मारत. एक टिचकी म्हणजे ठीक. पंधरा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. परीक्षेच्या दिवशी नाडगौडांनी चाचांना हॉलबाहेर ठेवलं होतं. टिचक्या आल्या नाहीत, रत्नाताईंनी ‘स्वच्छ’ लिहिलं आणि पेटीनेही लिहिलं. त्या क्षणी रत्नाताईंना शिबिरातली ती नळी आठवली आणि कळलं की नाडगौडांनी त्यांचं नाक गंजासकट चोरलंय.

बोलल्या असत्या तर आपलं व्यंग चव्हाट्यावर आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. पुढं त्यांना वाटू लागलं की आपण उगाच गप्प बसलो नाही. आपण काहीतरी पेरलंय.

*

ऑक्टोबरात मुल्लाचाचा घरी आले. त्यांनाही प्लँटने काढलं होतं. आता ते कुल्फीची गाडी चालवत आणि कुल्फी गार ठेवायला प्लँटच्या गेटवरून त्याच वायूचा कोरडा बर्फ विकत आणत.

“ताई, एक गंमत सांगतो,” ते पायरीवर टेकत म्हणाले. “आमची चमेली हाय न्हवं, मांजर? चार दिस झाले, ती बर्फाच्या रिकाम्या खोक्यात तोंड घालून बसतीया. मी हुंगून बघितलं.” त्यांनी पायरीवर बोटाने दोन टिचक्या मारल्या.

“आंबणातून माशाचा वास येत नाही चाचा,” रत्नाताई म्हणाल्या.

“आता आंबण कुठलं? बॉयलरच्या चिमणीतला धूर धरायला लागल्यात. नवीन टाक्या बसवल्यात.”

बाकीचं रत्नाताईंनी मनातच जुळवलं. धुरातला कार्बन डायऑक्साइड धरायला अमाईन नावाचं द्रावण वापरतात. धुराच्या उष्णतेनं ते विटतं, आणि त्यातून ट्रायमिथाइल अमाईन सुटतं. तो वास स्वतः फारसा घातक नाही. पण तो वर्दी देतो. जिथून तो निसटतो तिथून त्याची भावंडंही निसटतात, आणि त्यातल्या काहींमुळं कॅन्सर होतो. यावर उपाय सोपा होता. धुण्याच्या पाण्यात थोडं आम्ल घालायचं, अमाईन तिथंच अडकतं.

मग ते अडकत का नव्हतं?

उत्तर दुसऱ्या दिवशी चालत घरी आलं. तन्मयी निमंत्रणपत्रिका घेऊन आली होती. सतरा दिवसांनी ‘घ्राणा’चा जाहीर कार्यक्रम होता. देशभरातले प्लँटवाले ती पेटी विकत घ्यायला येणार होते. रत्नाताईंचा सत्कार व्हायचा होता.

“सरांनीच सांगितलं, मॅडम. म्हणाले, पेटीची आई आलीच पाहिजे.”

“आई!” रत्नाताई म्हणाल्या. “आणि बाप कोण, ते नाही सांगितलं?”

तन्मयी हसली. मग उत्साहाने सांगू लागली. आता आम्ल किती सोडायचं तेही पेटीच ठरवते. तिला अमाईनचा वास आला तर जास्त, नाही तर कमी. “दोन महिन्यांत शून्यावर आलंय मॅडम! इतका स्वच्छ वायू येतोय.”

रत्नाताईंनी तिला ताक दिलं. पेटीला वास येत नाही म्हणून आम्ल बंद, आम्ल बंद म्हणून वास मोकाट. सोड्याच्या बाटलीतही कुणाला कळायचं नाही. सोडा स्वतः आंबट. आंबटात अमाईनचं मीठ होतं आणि मिठाला वास नसतो. कळलं तर फक्त बर्फावरून. आणि प्लँटमध्ये आता हुंगून बघायला बर्फ कुणी काढतच नव्हतं. पेटी नळीतून थेट हुंगत होती.

“बॅचच्या दाखल्यावर सही कुणाची असते गं?”

“माझी.” तन्मयी जरा घुटमळली. “मॅडम, एक विचारू? मागच्या आठवड्यात टँकरपाशी मला जरासा वास आल्यासारखा वाटला. मासळीचा. पण पेटी स्वच्छ म्हणते. त्या विसाव्या बाटलीपासून मी माझ्या नाकावर फारसा भरवसा ठेवत नाही. तुम्हाला काय वाटतं?”

अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं. रत्नाताईंनी तो आवाज चार वेळा ऐकला.

आत्ता खरं सांगितलं तर तन्मयी धावत जाईल. नाडगौडा गुपचूप आम्ल सुरू करतील, पेटीत दुसऱ्या कुणाच्या चार पेशी घालतील, आणि सतराव्या दिवशी हार घालून घेतील. कुणालाही काही कळणार नाही. यंत्र चुकलं तर लोक माफ करतात. माणसाला धरायचं तर त्याला सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायला लावावं लागतं. नाक दाबलं की तोंड उघडतं. नाक रत्नाताईंच्या हातात आलं होतं, फक्त सतरा दिवस थांबायचं होतं.

“पेटी म्हणते ना?” त्या म्हणाल्या. “मग झालं.”

तन्मयीचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिनं वाकून नमस्कार केला.

*

कार्यक्रम सकाळी अकराला होता. मांडवात दोनशे खुर्च्या, समोर झेंडूच्या माळा घातलेली पेटी. रत्नाताईंनी मोतिया रंगाची इरकल नेसली होती. सतरा दिवसांत त्यांना इतकी शांत झोप लागली होती की स्वतःचंच आश्चर्य वाटावं.

नाडगौडांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. “या पेटीत मगदूमबाईंचा आत्मा आहे!” ते माइकवर म्हणाले.

“आत्मा नाही साहेब, नाक,” रत्नाताई म्हणाल्या, आणि मांडव हसला. हसू ओसरू न देता त्यांनी माइक हातात घेतला. “माझी एक हौस आहे. जुन्या पद्धतीनं एकदा बर्फ काढू द्या. पाहुण्यांनाही बघायला मिळेल. तन्मयी, तुझी पिशवी आहे ना?”

सुती पिशवी रत्नाताईंनीच शिवून तन्मयीला कामाच्या पहिल्या दिवशी दिली होती. तिनं ती कौतुकानं ड्रॉवरमधून आणली आणि नळाला बांधली. फुस्स आवाज होऊन पिशवी फुगली, ताठ झाली. पांढरा बर्फ पेल्यात पडला. पडद्यावर ‘घ्राणा’नं लिहिलं, ‘स्वच्छ’.

रत्नाताईंनी पेला हुंगला. नेहमीसारखंच त्यांना काही आलं नाही. त्यांनी तो नाडगौडांपुढं धरला. “साहेब, आधी तुमचा मान.”

नाडगौडांनी हुंगलं. त्यांच्या डाव्या पापणीला एक झटका बसला. रत्नाताई त्याचीच वाट पाहत होत्या. समोर दोनशे गिऱ्हाइकं होती.

“वा!” नाडगौडा म्हणाले. “निखळ!”

“माइकवर सांगा साहेब. मागच्यांना ऐकू जाऊ दे.”

“एकदम निखळ, शुद्ध वायू!” नाडगौडा माइकवर म्हणाले.

पहिल्या रांगेत शीतपेयाच्या कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बसल्या होत्या, तांडेलबाई. मूळच्या अलिबागच्या. रत्नाताईंनी नाव आधीच पत्रिकेत वाचून ठेवलं होतं. पेला त्यांच्या हातात गेला.

तांडेलबाईंनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. “अहो, ह्याला तर सुक्या जवळ्याचा वास येतोय!”

“छे छे, नळीत जरा...” नाडगौडा पुढं झाले.

“मी कोळ्याची पोर आहे. मला जवळा शिकवू नका,” तांडेलबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही आत्ताच हे निखळ म्हणालात ना?”

पेला रांगेतून फिरला. काहींना पटकन कळलं, काहींना उशिरा. कुजबुज मागपर्यंत गेली. मागून कुणीतरी ओरडलं, “साहेब, तुमच्या घरी बोंबलाला निखळ म्हणतात काय?” आणि सगळा मांडव हसला. मार्चमध्ये हॉल हसला होता, त्याच्या दसपट. रत्नाताईंनी डोळे मिटून ते हसू शेवटपर्यंत ऐकलं. मग माइक घेतला आणि चिमणी, अमाईन, बंद झालेलं आम्ल, सगळं दहा वाक्यांत नीट समजावून सांगितलं. त्यांचा आवाज एकदाही कापला नाही.

बोलून वळल्या तेव्हा पेटीशेजारी तन्मयी उभी होती. ती हसत नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

*

प्लँटला सील लागलं. ‘घ्राणा’ची एकही पेटी विकली गेली नाही. चौकशीत यंत्राच्या चुकीपेक्षा माइकवरच्या त्या चार शब्दांचीच जास्त चर्चा झाली, आणि नाडगौडांना घरी बसावं लागलं.

महिन्याभराने ते रत्नाताईंच्या सोप्यात येऊन बसले. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं, बाई. तुमच्या नाकात खोट होती, हे तुम्हाला माहीत होतं. तेवढं लिहून द्या. मी पाया पडतो. मी म्हणतो, नाक घासतो तुमच्यापुढं.”

“खोट होती की नव्हती, मला काय ठाऊक?” रत्नाताई म्हणाल्या. “माझं नाक तर तुमच्याकडंच आहे. त्यालाच विचारा ना.”

नाडगौडा गेल्यावर त्यांनी स्वतःसाठी शिरा केला. वेलदोड्याचा, तुपाचा, किंचित करपलेल्या रव्याचाही वास त्यांना स्वच्छ आला. इतका गोड घास त्यांनी कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.

तन्मयी आली ती त्यानंतर चार दिवसांनी. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

“माझं लायसन्स काढून घेतलं, मॅडम. सह्या माझ्या होत्या.”

“तुझा काय दोष? यंत्र चुकलं. मी येऊन सांगते त्यांना.”

“शेवटच्या सतरा दिवसांत एकतीस टँकर गेले,” तन्मयी म्हणाली. “नऊ परत आणले. बाकीचा वायू लोकांनी सोड्यातून पिऊन संपवला. दोन टँकर दवाखान्यांना गेले होते. कुणाला काय होईल, होईल की नाही, ते दहा-वीस वर्षं कळायचं नाही. चाचांना विचारलं मी. त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं ते.”

रत्नाताई उंबऱ्यापर्यंत आल्या.

“पेटीला वास येत नव्हता, मॅडम. मला येत होता. आणि मी तुम्हाला येऊन विचारलं होतं.” तिनं पिशवीतून सुती पिशवी काढून उंबऱ्यावर ठेवली, घडी घालून. “विसाव्या बाटलीचं बूचही घट्टच होतं.”

तिच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

संध्याकाळी रत्नाताई ती पिशवी घेऊन मुल्लाचाचांच्या कुल्फीच्या गाडीपाशी गेल्या. पिशवी त्यांनी घरीच दोनदा धुतली होती, साबणानं आणि मग लिंबाच्या रसानं. उन्हात वाळवली होती. हुंगून पाहिली तेव्हा त्यांना उन्हाचा वास आला, सुताचा आला, लिंबाचा आला.

गाडीखाली निजलेली चमेली उठली आणि पिशवीभोवती घोटाळू लागली.

“चाचा,” रत्नाताई म्हणाल्या, “वास घ्या जरा.”

चाचांनी हात पुसले, पिशवी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग ती परत दिली, आणि गाडीच्या पत्र्यावर बोटानं दोन टिचक्या मारल्या.